चार्ल्स गुडनाइट: गाडी, वाट आणि कळप

अमेरिकेतील गुरेपालनाच्या इतिहासात चार्ल्स गुडनाइट (१८३६–१९२९) याचे नाव बहुधा त्याच्या कुरणाच्या अफाट विस्तारामुळे घेतले जाते. टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला, ‘पॅनहँडल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पठारी भागात, त्याच्या देखरेखीखालच्या जमिनीने ऐन भरभराटीच्या काळात तेरा लाख एकरांचा आकडा ओलांडला होता आणि तिच्यावर सुमारे एक लाख गुरे चरत होती. मात्र या पसाऱ्यातील मोठा हिस्सा भागीदाराच्या भांडवलाचा होता, उतारवयात गुडनाइटच्या हाती फारसा पैसा उरला नव्हता, आणि ज्या तीन गोष्टींमुळे त्याचे नाव टिकले, म्हणजे एक गाडी, एक वाट आणि एक कळप, त्या तिन्ही अंगमेहनतीच्या कामातून निपजल्या होत्या. म्हणून त्याच्याकडे मोठा कुरणमालक म्हणून न पाहता, समोरची अडचण हाताशी असलेल्या साधनांनी सोडवणारा ग्रामीण कसबी माणूस म्हणून पाहिले, तर त्याचे आयुष्य अधिक नीट उलगडते, आणि त्या कसबाची किंमत कोणाकोणाला मोजावी लागली हेही ध्यानात येते.

गुडनाइटचा जन्म ५ मार्च १८३६ रोजी इलिनॉय राज्यातील मकूपिन परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. १८४१ मध्ये वडील न्यूमोनियाने वारले, आईने शेजारच्या शेतकऱ्याशी पुनर्विवाह केला, आणि १८४५ च्या अखेरीस हे कुटुंब टेक्सासला निघाले, तेव्हा नऊ वर्षांच्या चार्ल्सने ती शेकडो मैलांची वाट खोगीर नसलेल्या घोडीवर बसून काटली. शाळेशी त्याचा संबंध जेमतेम सहा महिन्यांचा आला. अकराव्या वर्षापासून तो आसपासच्या शेतांवर मजुरीला जाऊ लागला, पुढे काही काळ त्याने शर्यतीच्या घोड्यांवर स्वारी केली, दोन वर्षे मालवाहू गाड्या हाकल्या, आणि गुलामगिरीवर उभ्या असलेल्या त्या समाजात गुलाम मजुरांच्या कामावर देखरेखही केली. चाक कुठे तुटते, जनावर कुठे थकते आणि माणूस कशाने कुरकुरतो याचे जे ज्ञान पुढे त्याच्या उपयोगी पडले, ते याच उमेदवारीच्या वर्षांत साठले.

विसाव्या वर्षी त्याने सावत्र भाऊ जॉन वेस्ली शीक याच्याबरोबर दुसऱ्याची सुमारे चारशे गुरे वाट्याने राखायला घेतली. ग्रामीण महाराष्ट्रात अर्धेलीने शेळी किंवा म्हैस सांभाळायला देतात, त्यासारखाच हा व्यवहार होता. फक्त येथे राखणाऱ्याच्या वाट्याला दर चार वासरांमागे एकच वासरू येई. भांडवल नसलेल्या माणसाला स्वतःचा कळप उभा करण्याचा हा एक मार्ग होता, आणि तो अतिशय संथ होता. गुरे ‘मोकळ्या कुरणात’, म्हणजे कुंपण नसलेल्या आणि बहुतांशी कोणाच्याच खासगी मालकीच्या नसलेल्या गवताळ प्रदेशात चरत, आणि कोणते जनावर कोणाचे हे त्याच्या कातडीवर तापल्या लोखंडाने दिलेल्या डागावरून ओळखले जाई. तेथील लांब शिंगांची ‘लाँगहॉर्न’ जात मांसाला बेताची, पण तहान, उपासमार आणि लांब चाल सोसण्यात कमालीची चिवट होती.

अमेरिकी यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्सासच्या माळांवर लक्षावधी गुरे होती आणि त्यांना जवळपास गिऱ्हाईक नव्हते, तर शेकडो मैल दूरच्या लष्करी ठाण्यांवर आणि खाणींच्या वसाहतींत मांसाला चांगला भाव होता. गुरे चालवत बाजारापर्यंत न्यायची तर कित्येक आठवडे माणसांच्या जेवणाची सोय करावी लागे, आणि तोपर्यंत प्रत्येक गुराखी आपली शिदोरी खोगिराला बांधून नेत असे. या अडचणीवर गुडनाइटने १८६६ मध्ये जो तोडगा काढला तो ‘चक वॅगन’ म्हणून प्रसिद्ध आहे. लष्कराने विकायला काढलेली एक भक्कम गाडी घेऊन त्याने ती ‘बोडार्क’ या अतिशय कठीण लाकडात नव्याने बांधून घेतली, तिला लोखंडी आस बसवले आणि मागच्या बाजूला खण व कप्पे असलेली उभी पेटी जोडली. पेटीचे झाकण खाली पाडून त्याला पायाचा आधार दिला की स्वयंपाक्याला पीठ मळण्यासाठी ओटा तयार होई. पीठ, घेवडा, कॉफी, खारवलेले मांस, औषधे आणि हत्यारे यांना ठरलेली जागा होती, बाजूला पाण्याचे पिंप होते, आणि गाडीखाली झोळीसारखे ताणलेले कातडे वाटेत वेचलेले सरपण व रानशेण्या ठेवण्यासाठी होते. यातील एकही भाग पूर्णपणे नवा नव्हता. नवी होती ती त्यांची जुळणी, आणि ती इतकी नेमकी होती की पुढची कित्येक वर्षे गुरांचे तांडे याच रचनेच्या गाड्या बरोबर ठेवू लागले.

त्याच वर्षी जूनमध्ये गुडनाइट आणि त्याच्यापेक्षा वयाने बराच मोठा असलेला अनुभवी व्यापारी ऑलिव्हर लव्हिंग यांनी अठरा माणसे व सुमारे दोन हजार गुरे घेऊन टेक्सासमधून न्यू मेक्सिकोची वाट धरली. सरळ उत्तरेकडील वाट कोमांची या आदिवासी जमातीच्या प्रदेशातून जात असल्याने त्यांनी पश्चिमेचा वळसा घेतला आणि काँचो व पेकोस या नद्यांमधला सुमारे ऐंशी मैलांचा निर्जल पट्टा ओलांडला. तहानेने व्याकूळ झालेली गुरे पाण्याचा वास येताच नदीकडे उधळली आणि त्यांतली बरीच मेली. या अनुभवातून गुडनाइटने कळपाची चाल, विसावे आणि रात्रीच्या मजला यांचा हिशेब बसवला. गुरांचा खरेदीदार फोर्ट सम्नर येथे होता, कारण अमेरिकी लष्कराने आठ हजारांहून अधिक नवाहो लोकांना त्यांच्या मायभूमीतून हुसकून तेथे डांबले होते आणि त्यांना पोसण्यासाठी सरकारला मांस हवे होते. या फेरीत मिळालेल्या बारा हजार डॉलरच्या सोन्यामागे ही हकीकत होती. वाट पुढे कोलोरॅडोपर्यंत वाढली. रॅटन खिंडीतल्या खासगी रस्त्यावर दर जनावरामागे पथकर घेतला जात असल्याने गुडनाइटने पूर्वेकडची ट्रिंचेरा खिंड शोधून तो खर्चही टाळला. हीच ‘गुडनाइट–लव्हिंग वाट’ होय.

१८६७ च्या फेरीत लव्हिंग कोमांचींशी झालेल्या चकमकीत जखमी झाला आणि जखम सडून फोर्ट सम्नर येथे मरण पावला. आपल्याला टेक्सासच्या मातीत पुरावे ही त्याची इच्छा गुडनाइटने त्याचे शव परत नेऊन पाळली. या फेऱ्यांतील सर्वांत विश्वासू साथीदारांपैकी बोस आयकर्ड हा जन्माने गुलाम असलेला कृष्णवर्णीय गुराखी होता, आणि १९२९ मध्ये तो वारल्यावर गुडनाइटने त्याच्या थडग्यावर स्मृतिशिला उभारली. अमेरिकी गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन लोकांचे प्रमाण मोठे होते, पण लोकप्रिय कथा-चित्रपटांनी ते दीर्घकाळ झाकून ठेवले. म्हणून ही शिला त्या इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा ठरते.

१८७० मध्ये गुडनाइटने मेरी अ‍ॅन डायर या शिक्षिकेशी विवाह केला आणि कोलोरॅडोतील प्वेब्लोजवळ बस्तान बसवले. घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन बसणाऱ्या स्त्रियांना आधार मिळावा म्हणून त्याने पत्नीसाठी जादा शिंगाचे खास खोगीरही आखून घेतले. १८७३ च्या आर्थिक मंदीत मात्र त्याची बहुतेक मिळकत बुडाली. उरलेला कळप घेऊन तो १८७६ मध्ये टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत उतरला. तिचे उंच कडे फुकटचे कुंपण होते आणि तळाशी पाणी व गवत होते. दरीत गाडीरस्ता नव्हता, तेव्हा गाडी सुटी करून तिचे भाग खेचरांवरून जुन्या आदिवासी पायवाटेने खाली नेण्यात आले. पुढच्या वर्षी आयर्लंडचा धनिक जॉन जॉर्ज अडेअर याच्याशी करार होऊन भांडवल त्याचे आणि कारभार गुडनाइटचा, नफ्याची वाटणी दोनास एक, शिवाय गुडनाइटला सालीना अडीच हजार डॉलर पगार, अशा अटींवर ‘जेए’ कुरण उभे राहिले.

ही दरी रिकामी कशी झाली, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. २८ सप्टेंबर १८७४ रोजी कर्नल रॅनल्ड मॅकेंझीच्या फौजेने तेथील कोमांची, कायोवा व शायेन छावण्यांवर हल्ला करून त्यांचा हिवाळ्याचा साठा जाळला आणि पकडलेल्यांपैकी एक हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले. घोडे गेल्यावर त्या जमातींना राखीव भागात जाऊन राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्याच सुमारास कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी बायसनची, म्हणजे वशिंडासारखा उंच खांदा असलेल्या उत्तर अमेरिकी रानटी गुरांची, बेसुमार कत्तल केली. १८७८ मध्ये कोमांची पुढारी क्वाना पार्कर आपल्या लोकांना घेऊन बायसनच्या शिकारीसाठी दरीत परतला, तेव्हा शिकार मिळेना. गुडनाइटने संघर्ष न करता, कळपाला उपद्रव होऊ नये या अटीवर, त्यांना एक दिवसाआड दोन जनावरे देण्याचे ठरवले. हा समेट शहाणपणाचा होता, पण त्यातले यजमान आणि पाहुणे यांची चारच वर्षांत अदलाबदल झालेली होती.

कुरणावर गुडनाइटने लाँगहॉर्न गायींना हेरफर्ड या मांसल इंग्रजी जातीचे वळू लावून सुधारित पैदास केली. पण सुधारित गुरे ‘टेक्सास ताप’ या रोगाला झटकन बळी पडत. दक्षिणेकडून येणारी लाँगहॉर्न गुरे स्वतः धडधाकट राहून तो पसरवीत. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो हे १८९३ मध्ये सिद्ध झाले, परंतु त्याआधीच पॅनहँडलच्या पशुपालकांनी निरीक्षणावरून अंदाज बांधून दक्षिणेच्या कळपांना बंदुकीच्या धाकाने रोखले होते. त्याच काळात काटेरी तारेची कुंपणे आली, लोहमार्ग आले आणि ज्या मोकळ्या कुरणावर गुडनाइट वाढला होता ते एका पिढीच्या आत बंद झाले. ते बंद करणाऱ्यांत त्याचा स्वतःचाही हात होता.

कळपाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८७६ मध्ये गुरांना जागा करण्यासाठी गुडनाइटच्या माणसांनी दरीतील बायसन पिटाळले होते. दोनच वर्षांनी, आसमंतात पोरकी वासरे तेवढी उरलेली पाहून मेरी अ‍ॅनने ती वाचवण्याचा आग्रह धरला आणि पतीने पकडून आणलेल्या वासरांतून एक पाळीव कळप वाढला. पुढे तो दोनशेच्या वर गेला. १९०२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बायसन पुन्हा वाढवण्यासाठी नेलेल्या जनावरांत याच कळपाचे तीन वळू होते, आणि जेए कुरणावर तगलेले त्याचे वंशज १९९७ मध्ये टेक्सास राज्याच्या स्वाधीन होऊन केप्रॉक कॅन्यन्स उद्यानात ठेवले गेले. दक्षिणी पठारांवरील बायसनचा आनुवंशिक वारसा ज्या थोड्या जनावरांत टिकला, त्यांत त्यांची गणना होते. याचे पहिले श्रेय मेरी अ‍ॅनला जाते, तरी बहुतेक वर्णनांत ते पतीच्या नावावर जमा होते.

भागीदारी सोडल्यावर गुडनाइटने स्वतःचे लहान कुरण चालवले, पत्नीसमवेत १८९८ मध्ये एक महाविद्यालय स्थापले आणि मेक्सिकोतील खाणीत बराच पैसा गमावला. मेरी अ‍ॅन १९२६ मध्ये गेली. १२ डिसेंबर १९२९ रोजी, त्र्याण्णव वर्षांचा असताना, अ‍ॅरिझोनात त्याचे निधन झाले. त्याचे विस्तृत चरित्र जे. इव्हेट्स हेली याने १९३६ मध्ये लिहिले, लॅरी मॅकमर्ट्रीच्या ‘लोन्सम डव्ह’ (१९८५) या कादंबरीने त्याच्या व लव्हिंगच्या हकिकतीतून पुष्कळ काही घेतले, आणि २००५ मध्ये टेक्सासने चक वॅगनला राज्याचे अधिकृत वाहन म्हणून मान्यता दिली. या स्मरणात कर्तबगारी ठळक आहे आणि तिची देणी मात्र पुसट आहेत: वाटेला नवाहोंच्या बंदिवासाने गिऱ्हाईक मिळवून दिले, कुरणाला कोमांचींच्या पराभवाने जागा मिळवून दिली, आणि कळप वाचवण्याची वेळ त्या जागेवर गुरे आणणाऱ्यांमुळेही आली. कसबी माणसाचे मोठेपण त्याने अडचणी कशा सोडवल्या यावरून ठरते, आणि गुडनाइटच्या बाबतीत ते निर्विवाद आहे; पण प्रत्येक तोडगा कोणाच्या तरी वाट्याला नवी अडचण टाकतो, आणि ती बाजूही मांडणारे चरित्रच त्याच्यासारख्या माणसाला न्याय देऊ शकते.