गोंदेश्वर आधी, हेमाडपंत नंतर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता कंबोडियाला गेलो होतो. सिएम रीप या गावी मुक्काम होता. अंकोरची देवळे पाहायची म्हणून गाडी आणि एक खासगी मार्गदर्शक घेतला. चार दिवस हा मनुष्य पहाटे पाचच्या आधी दारात उभा. देवळात शिरल्यावर तो 'सुंदर आहे, भव्य आहे' असे काही म्हणायचा नाही. आधी दाराच्या वरची पट्टी बघा म्हणायचा. आपण जिला गणेशपट्टी म्हणतो तीच. या पट्टीवरच्या नक्षीत दर पिढीला फरक पडत गेला आणि त्यावरून देवळाचे वय ठरवता येते, हे त्याने आम्हाला शिकवले. इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठा झालेले बान्ते स्रेई, बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधवलेले अंकोर वाट आणि नंतर सातव्या जयवर्म्याचे बायोन, असा क्रम तिसऱ्या दिवशी आम्हालाही थोडाफार जुळवता येऊ लागला.

त्याच दिवशी दुपारी त्याने सहज विचारले, "तुमच्या गावाजवळ याच काळातले देऊळ आहे का?"

मी अभिमानाने म्हणालो, "आहे की! सिन्नरचे गोंदेश्वर."

"कसे आहे ते?"

"हेमाडपंती आहे."

"म्हणजे कसे?"

मी म्हणालो, "मोठमोठे घडीव दगड चुना न वापरता एकावर एक रचलेले."

तो ज्या भिंतीला टेकून उभा होता तिच्यावर त्याने हात ठेवला आणि हसून म्हणाला, "मग हेसुद्धा हेमाडपंतीच!"

त्याचे खरे होते. अंकोरचे वालुकाश्माचे दगडही चुन्याशिवायच बसवलेले आहेत. माझ्याजवळ पुढचे वाक्य नव्हते. नाशिकमध्ये चाळीस वर्षे काढली, येईल त्या पाहुण्याला गोंदेश्वर दाखवून आणले, पण त्या देवळाबद्दल मला येत होता तो एकच शब्द, आणि तोही अपुरा निघाला.

परत आल्यावर ठरवले की आपल्याकडेही चार दिवस तसेच काढायचे. पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. केलेला एक तरुण गाठला. त्याने दिवसाचे मानधन सांगितले तेव्हा 'थोडे कमी करा' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. परदेशात डॉलर मोजताना ते आले नव्हते, हे सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे लक्षात आणून दिले. मी गप्प बसलो.

पहिला दिवस गोंदेश्वरचा. नाशिकहून पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटरवर सिन्नर. सकाळी उजाडता उजाडता पोहोचलो. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे पहिले ऊन समोरून पडते. मी सवयीने थेट गाभाऱ्याकडे निघालो, तर तो म्हणाला, "काका, थांबा. आधी बाहेरून. आणि खालून वर."

मग त्याने देऊळ वाचायला शिकवले. सगळ्यांत खाली चौथरा, त्याला जगती म्हणतात. मधोमध महादेवाचे मुख्य देऊळ, पुढे नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची चार लहान देवळे. पाच मिळून पंचायतन. अंकोर वाटच्या मध्यभागीही पाच शिखरे आहेत, एक मधले आणि चार कोपऱ्यांना. पण तिथे ती मेरू पर्वताची पाच शिखरे मानतात. इथे पाच देवांची पाच स्वतंत्र घरे. आकडा सारखा, कल्पना वेगळी.

देवळाचा पाया म्हणजे अधिष्ठान. त्यावर आडवे थर चढत जातात. त्यांत हत्तींची रांग दिसते, तो गजथर. त्याच्या वर भिंत, तिला मंडोवर म्हणायचे. ही भिंत सरळ नसते. ती कोनाकोनाने पुढे-मागे होत जाते. ऊन फिरेल तशी तिच्यावर सावलीची उभी रेघ पडते, म्हणून एवढे मोठे दगडी काम जड वाटत नाही. हे त्याने नुसते सांगितले नाही. आम्हाला एका जागी वीस मिनिटे बसवून त्याने ती सावली सरकताना दाखवली.

आणि मग शिखर. चारी बाजूंना मधोमध पायथ्यापासून वरपर्यंत जाळीदार नक्षीचा एकेक उभा पट्टा जातो, ती लता. दोन लतांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकावर एक. खालची मोठी, वर जाताना लहान होत जाणारी. अशा प्रत्येक ओळीला भूमी म्हणतात, म्हणून या शैलीचे नाव भूमिज. तिचे माहेर माळव्याकडचे. मध्य प्रदेशात उदयपूर येथे परमार राजा उदयादित्याने बांधवलेले उदयेश्वराचे देऊळ याच घराण्यातले आणि आपले अंबरनाथही. त्या मार्गदर्शकाने मला विचारले होते 'म्हणजे कसे?' त्याचे उत्तर हे होते.

आत सभामंडपात गेल्यावर त्याने छताकडे बॅटरी धरली. चार तुळयांचा चौकोन. त्याच्या चारी कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवले की मधली मोकळी जागा लहान होते. त्यावर पुन्हा तसेच दगड. असे करत करत शेवटी एका शिळेने ती बंद होते. खरी कमान नाही आणि चुनाही नाही. प्रत्येक दगड वरच्या वजनाने जागच्या जागी दाबला जातो. अंकोरच्या कारागिरांनीही दगड असेच पुढे सरकवत छते साधली. म्हणून तिथल्या ओवऱ्या लांबच लांब असल्या तरी अरुंद आहेत. या पद्धतीत फार रुंद जागा झाकता येत नाही. आपल्याकडे तुळया आणि खांब दाट लावून मंडप रुंद केला. तिथे पाहिलेल्या गोष्टीचे कारण मला सिन्नरला कळले.

दुसरा दिवसही सिन्नरमध्येच गेला. यादव राजा सेऊणचंद्र याने वसवलेले सेऊणपूर म्हणजे हे सिन्नर, असे अभ्यासक मानतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी नेली. त्याआधी यादवांचा कारभार या परिसरातून चाले. गावातच ऐश्वर्येश्वराचे देऊळ आहे. त्याचे शिखर आज नाही, म्हणून पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत. आम्ही तिथे दोन तास होतो.

तिथेच ओट्यावर बसून हेमाडपंताचा विषय निघाला. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामदेवराव या यादव राजांच्या दरबारातला मोठा अधिकारी. म्हणजे काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. आता हिशेब करा. अंबरनाथच्या देवळातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. हेमाडपंतापेक्षा दोनशे वर्षे जुना. गोंदेश्वरही सर्वसाधारणपणे हेमाडपंताच्या आधीचेच मानले जाते. उलट त्र्यंबकेश्वरचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५५ मध्ये सुरू झाले आणि १७८६ मध्ये पूर्ण झाले. तेही माहितीच्या पत्रकात हेमाडपंतीच असते. एका माणसाच्या नावाखाली आपण सातशे वर्षांची देवळे एकत्र बांधून ठेवली आहेत.

"मग हेमाडपंताने काहीच केले नाही का हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

"केले ना काकू," तो म्हणाला. "त्याने ग्रंथ लिहिला." 'चतुर्वर्गचिंतामणी' या हेमाद्रीच्या ग्रंथातील व्रतखंडात यादव राजांची वंशावळ दिली आहे. सिन्नरच्या यादवांचा इतिहास लावताना अभ्यासकांना शिलालेख आणि ताम्रपट यांच्या जोडीला तिचाच आधार घ्यावा लागतो. म्हणजे ज्या देवळांचे श्रेय आपण त्याला देतो ती त्याची नव्हेत, आणि ज्याचे श्रेय खरोखर त्याचे आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी अंजनेरी. नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर वीसेक किलोमीटर. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून लोक डोंगर चढतात, पण पायथ्याच्या गावातल्या जुन्या देवळांकडे थोडेच जातात. हा देवळांचा मोठा समूह आहे, बराचसा जैन. काही देवळे उभी आहेत, काहींचे नुसते दगड पडलेले आहेत. दाराच्या पट्टीवर मधोमध कोण कोरलेले आहे ते बघायला आम्ही आता शिकलो होतो. बसलेला तीर्थंकर दिसला की देऊळ जैन.

इथे शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१-४२ चा एक शिलालेख आहे. सेऊण राजाच्या काळात चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दान कशाचे? सोन्याचे नाही. दुकानांचे. दुकानाच्या उत्पन्नातून देवाची व्यवस्था व्हावी म्हणून दुकाने दिली. म्हणजे ज्या जागी आज शेते आणि करवंदीच्या जाळ्या आहेत तिथे तेव्हा चालती पेठ होती. आणि साल लक्षात घ्या. तिकडे अंकोर वाटचे काम चालू होते त्याच वर्षांत इकडे अंजनेरीला हे दानपत्र कोरले जात होते. तिकडच्या देवळामागे सम्राट होता, इकडे दुकानांचे भाडे होते.

चौथ्या दिवशी मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावच्या पुढे झोडगे. तिथले माणकेश्वराचे देऊळही भूमिज शैलीचे. गाडीतून उतरताच, त्याने सांगण्यापूर्वीच सौभाग्यवती म्हणाल्या, "लता बघा, आणि मधल्या ओळी. गोंदेश्वराची बहीणच की!" त्या दिवशी मार्गदर्शकाला फारसे बोलावे लागले नाही. आम्हीच एकमेकांना दाखवत होतो.

इथपर्यंत सगळे आनंदाचे. आता एक मनाला लागलेली गोष्ट सांगतो.

जिल्ह्यातच माझे मूळ गाव आहे. तिथे एक जुने दगडी शिवमंदिर आहे, सरकारी संरक्षित यादीत नसलेले. १९९१ मध्ये त्याच्या जीर्णोद्धारासाठी समिती झाली. शिकलेला म्हणून मलाही घेतले. सांध्यांत सिमेंट भरायचे आणि आतून-बाहेरून ऑइलपेंट द्यायचा, असा ठराव झाला. त्या ठरावावर माझी सही आहे. कोणीतरी एकाने शंका काढली होती. त्याला मीच म्हणालो होतो की, अहो, अशी हेमाडपंती देवळे गावोगाव आहेत.

पाचव्या दिवशी त्या तरुणाला मी तिथे घेऊन गेलो. त्याने बोटाने एका ठिकाणी हलकेच दाबले. रंगाचा पापुद्रा सुटला, आणि त्याच्या पाठीला चिकटून दगडाचाही. कारण त्याने समजावून सांगितले. दगडी बांधकामात पावसाचे आणि जमिनीतले पाणी थोडेफार शिरतेच. सांधे मोकळे असले की ते वाफ होऊन बाहेर पडते. तेलाचा रंग तो मार्ग बंद करतो. ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाच्या मागे साचून फुगतात आणि दगडाचे कवच सुटते. सिमेंटचेही तसेच. ते दगडाला हलू देत नाही, आणि त्यातले क्षार दगडात उतरतात. उंबरठ्यावरच्या कीर्तिमुखाचे डोळे रंगाच्या थरांनी बुजून गेले होते.

तो मला एक शब्द बोलला नाही. मीच विचारले, "आता काय करता येईल?"

"काका, खरवडू नका. जाळूही नका, ॲसिडही नको. रंग काढता येतो, पण जाणकाराच्या हातून आणि सावकाश. तोवर एवढेच करा, की पुढचा थर देऊ नका. आणि आजूबाजूचे पाणी भिंतीपासून दूर काढून द्या."

त्या वर्षी शिवरात्रीआधी नवा रंग द्यायचे ठरले होते. मी बैठकीला गेलो आणि माझी जुनी सही दाखवूनच बोललो. तरुण मंडळींना ते फारसे रुचले नाही. रंग नाही तर उत्सव कसा दिसणार, असे त्यांचे म्हणणे. शेवटी एवढेच ठरले की या वर्षी रंग नाही, फक्त चर खणून पाणी काढायचे. पुढच्या वर्षी पुन्हा भांडावे लागेल, त्याची तयारी आहे.

आपण आपल्या जवळचे असे एखादे देऊळ निवडा. सकाळच्या उन्हात जा. बॅटरी आणि वही बरोबर असू द्या. गाभाऱ्यात जाण्याआधी बाहेरून तीन प्रदक्षिणा घाला. एकीत फक्त पाया बघा, दुसरीत भिंत, तिसरीत शिखर. जाणकार माणूस मिळाला तर त्याचे मानधन न घासाघीस करता द्या. आणि रंगाचा डबा निघालेला दिसला तर आधी एकदा विचारा.

सिएम रीपच्या त्या मार्गदर्शकाला मी गोंदेश्वराचा फोटो पाठवला. खाली लिहिले, 'भूमिज शिखर, पंचायतन.' त्याचे उत्तर आले. त्याने विचारले होते की दाराच्या पट्टीवर काय कोरले आहे, तोही फोटो पाठवा. त्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा सिन्नरला जायचे आहे.