रक्तगट आणि काचबिंदु

आमच्या करवीर नगरींत वधूवरांच्या टिपणांत हल्लीं रक्तगटहि लिहितात. त्यावरून काचबिंदूचें भविष्य कळेल काय?

१९०१ सालीं लँडस्टायनर ह्यांनीं रक्तगट उजेडांत आणले. १९५२ सालीं डॉ. भेंडे प्रभृतींनीं दुर्मिळ ‘मुंबई रक्तगट’ दाखविला. हें ज्ञान रक्त देतांना प्राण वांचवितें. परंतु नेत्ररोगाची कसोटी तें नव्हे.

काचबिंदूंत बहुधा डोळ्यांतील दाब वाढून दृष्टिनाडी सुकत जाते. वेदना सहसा नसते. नजर कडेकडून आकसते, आणि मोतीबिंदूप्रमाणें ती शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. चाळिशी उलटलेल्यांस, विशेषतः आईबाप वा भावंडांस हा रोग असलेल्यांस, धोका अधिक.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, वडील मंडळींनीं आपला काचबिंदु झांकून ठेवूं नये. तो वेळींच सांगणें हें मुलाबाळांस दिलेलें दृष्टिदानच होय. टिपणांत रक्तगटाशेजारीं तोहि लिहावा, आणि घरांतील सर्वांनीं नेत्रवैद्याकडून डोळे तपासून घ्यावे.