जुना कॅमेरा, पण पारखून!

घरांत मुंज किंवा लग्नकार्य ठरलें, कीं चांगल्या कॅमेऱ्याची उणीव भासते. नव्याची किंमत ऐकून मात्र कर्ता पुरुष गप्प बसतो. अशा कुटुंबांस आमचें सांगणें असें, कीं वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचा विचार अवश्य करावा.

निकॉनचा डी-४० हा कॅमेरा २००६ सालीं निघाला. त्याचें चित्र सुमारें ३००० गुणिले २००० बिंदूंचें असतें; दर इंचास ३०० बिंदू धरले, तरी १० इंच रुंदीची सुबक छबी निघते. भिंतीवरील चौकटीस याहून अधिक काय हवें? मात्र त्याच्या अंगांत फोकसची मोटर नाहीं. म्हणून स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या भिंगांचा फोकस हातानेंच जुळवावा लागतो. २००८ सालच्या डी-९० मध्यें ही सोय आहे.

घेतेवेळीं तीन परीक्षा कराव्या. एफ-१६ वर पांढऱ्या भिंतीचें चित्र घेऊन त्यांत डाग दिसतात का, तें पाहावें. भिंग उजेडासमोर धरावें. आंत कोळिष्टकासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजून सौदा सोडावा. शटर किती वेळां उडालें, हा आंकडा निकॉनच्या चित्राबरोबरच्या नोंदींत सांपडतो. डी-९० च्या शटरची चांचणी १ लाख वेळां झालेली आहे, त्या मानानें किंमत ठरवावी.

कोंकणच्या दमट हवेंत कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यांत ठेवावा. नव्या कॅमेऱ्यासाठीं पैसे सांठेपर्यंत घरांतील वडीलधारीं माणसें थांबतीलच असें नाहीं. त्यांचीं छायाचित्रें आजच घेतलेलीं बरीं.