घरगुती दोलनदर्शक : घ्यावा कीं न घ्यावा ?

ज्या घरांत एखाद्या मुलास किंवा मुलीस इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला आहे, त्या घरांत केव्हां ना केव्हां ऑसिलोस्कोपची मागणी पुढें येतेच. मल्टीमीटर विजेचा दाब किती आहे हें एका आंकड्यानें सांगतो. परंतु तो दाब क्षणोक्षणीं कसा चढतो व उतरतो, हें सांगणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. वैद्यानें मनगट धरून नाडीचे ठोके मोजणें आणि हृदयाचा आलेख कागदावर काढून पाहणें यांत जो भेद, तोच येथेंही. संस्कृतांत दोला म्हणजे झोका; लॅटिनांतील ज्या शब्दावरून ऑसिलोस्कोप हें नांव आलें त्याचाही अर्थ झुलण्याचाच. म्हणून दोलनदर्शक हा आपला शब्द आम्हांस अगदीं नेमका वाटतो, आणि या लेखांत तोच वापरण्याची मुभा वाचकांनीं द्यावी.

या यंत्राचा जन्म १८९७ सालचा. त्या वर्षीं स्ट्रासबुर्ग येथें कार्ल फर्डिनांड ब्राउन या पंडितानें काचेच्या निर्वात नळींत इलेक्ट्रॉनांची शलाका वांकवून विजेची लहर पडद्यावर डोळ्यांना दिसेल अशी उमटविली. (१९०९ मध्यें त्यास मार्कोनीच्या जोडीनें नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र बिनतारी संदेशवहनाबद्दल.) पुढें कित्येक दशकें त्या नळीभोंवतीं जड पेट्या उभ्या राहिल्या आणि त्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतच राहिल्या. आतां पडदा घरोघरच्या संगणकांत आयताच असतो. उरतें तें इतकेंच, कीं विजेचा दाब ठराविक अंतरानें मोजावयाचा आणि ते आंकडे संगणकास पुरवावयाचे. एवढेंच काम करणारी, पिशवींत मावणारी डबी म्हणजे संगणकावर चालणारा दोलनदर्शक. पेटीच्या मानानें ती पुष्कळच स्वस्त पडते. तरीही कांहीं हजार रुपयांचा प्रश्न आहे, आणि एकत्र कुटुंबांत असा खर्च चार वडीलधाऱ्यांपुढें मांडावा लागतो. आमच्या घरीं तो मांडला गेला तेव्हां आम्हीं थोडा अभ्यास केला. त्याचें फलित येथें देत आहों.

प्रथम फुकटचा मार्ग सांगतों. संगणकास ध्वनिमुद्रणासाठीं जें छिद्र असतें, तें सेकंदास ४४,१०० वेळां विजेचा दाब मोजतें. मोफत मिळणारा एखादा प्रोग्रॅम घातला कीं तोच संगणक दोलनदर्शक होतो. तंबोऱ्याची तार, बासरी, मुलांनीं जोडलेला भोंगा, हें सारें त्यावर उत्तम दिसतें. परंतु दोन मर्यादा आहेत. या वाटेवर मध्यें धारित्र बसविलेलें असतें, त्यामुळें बॅटरीचा स्थिर दाब तेथें दिसतच नाहीं. आणि एक-दोन व्होल्टांपलीकडचा दाब दिला तर संगणकासच इजा होण्याचा संभव असतो. ज्या घरीं नाद नवा आहे, तेथें सहा महिने याच मार्गानें काढावे, असें आमचें मत आहे. नाद खरा असेल तर तो टिकतो.

यानंतर येतें तें दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर या संस्थेचें एक्सपआईज हें उपकरण. कणांना वेग देणारीं अजस्र यंत्रें बाळगणाऱ्या या संस्थेनें २००४ च्या सुमारास फीनिक्स नांवाचा उपक्रम हातीं घेतला. विद्यार्थ्यांना स्वस्तांत प्रयोग करतां यावेत, हा त्याचा हेतु. त्यांतूनच २०१७ सालचें एक्सपआईज-१७ निघालें. त्याचे आराखडे व प्रोग्रॅम दोन्ही खुले आहेत. कोणीही पाहावे, कोणीही तशी डबी बनवावी. विद्या झांकून न ठेवण्याची ही वृत्ति आम्हांस फार आवडली. डबीला वेगळी वीज लागत नाहीं. यूएसबीच्या तारेंतून येणाऱ्या ५ व्होल्टांवर ती चालते. दाब पाहण्याच्या दोन मुख्य वाहिन्या उणे १६ पासून अधिक १६ व्होल्टांपर्यंत सोसतात, आणि एका वाहिनीवर नमुने घेण्याचा कमाल वेग सेकंदास १० लक्ष आहे. शिवाय ५ पासून ५,००० हर्ट्झपर्यंतची लहर ती स्वतःच निर्माण करते, मायक्रोफोन जोडून घेते, धारित्राची धारकता मोजते. नुसता दोलनदर्शक नव्हे, तर एक छोटी प्रयोगशाळाच म्हणावी.

सेकंदास १० लक्ष हा आंकडा ऐकून मनुष्य दबून जातो. पण येथेंच खरी मेख आहे. चित्रपटांत वेगानें धांवणाऱ्या टांग्याचीं चाकें कधीं कधीं उलटीं फिरतांना दिसतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. चाक उलटें फिरत नसतें. कॅमेऱ्याचीं चित्रें अपुरीं पडतात. तोच प्रकार या डबींत होतो. लहरीच्या प्रत्येक आवर्तनांत निदान दोनांहून अधिक नमुने घेतले नाहींत, तर पडद्यावर लहर दिसते खरी, पण ती भलतीच असते. उदाहरण घेऊं. पुणें आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झ ही मध्यम लहर जुन्या श्रोत्यांस तोंडपाठ होती. सेकंदास १० लक्ष म्हणजे १,००० किलोहर्ट्झ वेगानें तिचे नमुने घेतले, तर हिशेबाप्रमाणें पडद्यावर २०८ किलोहर्ट्झची लहर दिसेल ! सुबक, नियमित, आणि साफ खोटी. यंत्र कांहीं चुकलें असें सांगणार नाहीं. मूल तें चित्र वहींत उतरून घेईल आणि त्यावर निष्कर्ष रचील. पैसे वायां गेले तर ते पुन्हां मिळवितां येतात. डोळ्यांनीं पाहिलें म्हणून खरें, ही समजूत एकदां रुजली कीं ती काढणें कठीण.

म्हणून एक व्यवहारी नियम ध्यानांत धरावा : आकार ओळखूं येण्यास प्रत्येक आवर्तनांत सुमारें १० नमुने हवेत. या नियमानें दिल्लीची डबी १०० किलोहर्ट्झपर्यंत विश्वासू, आणि अधिक वाहिन्या एकदम चालविल्या तर त्याहून कमी. गाणें-वाजवणें, घड्याळाचे ठोके, दिव्याची लुकलुक, मोटारीचा वेग, साधा वीजपुरवठा, यांस ती भरपूर पुरते. रेडिओस पुरत नाहीं. रेडिओच्या पोटांतील ४५५ किलोहर्ट्झची मधली लहरही तिच्या आवांक्याबाहेरचीच.

तबल्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं सिवकाली कुमार यांच्यासह दाखवून दिलें होतें, कीं सामान्य ढोलाचे उपस्वर बेसूर असतात, तर शाईच्या योगानें तबला-मृदंगांचे उपस्वर सुरेल प्रमाणांत बसतात. आमच्या नातीनें मायक्रोफोन दायांजवळ ठेवून चाटेवर बोट मारलें. लहर एकसारखी, पुन्हां पुन्हां तीच. मग पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारली, तेव्हां रेघेस कांहीं धरबंधच उरला नाहीं. घरांतील वृद्ध मंडळींची खर्चाबद्दलची कुरकुर त्या दिवसापासून मावळली, हें नमूद करणें भाग आहे.

बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत इलेक्ट्रॉनिक्सचीं दुकानें ओळीनें आहेत. तसल्या बाजारांत तळहाताएवढ्या पडद्याचे एकवाहिनी दोलनदर्शकही मिळतात. संगणक नको, हा त्यांचा गुण. परंतु त्यांचा वेगही बहुधा दिल्लीच्या डबीएवढाच असतो, आणि पडदा इतका लहान कीं आमच्या वयाच्या माणसानें त्याकडे न पाहिलेलेंच बरें.

ज्यास रेडिओच करावयाचा आहे, त्यानें हॅनटेक ६०२२ बीई यासारखी दोन वाहिन्यांची यूएसबी-डबी पाहावी. तिचा वेग सेकंदास ४ कोटी ८० लक्ष नमुने, आणि जाहिरातींत २० मेगाहर्ट्झ असें ठळक छापलेलें असतें. पण वाचकांनीं वरील नियमानें भागाकार करून पाहावा : २० मेगाहर्ट्झला प्रत्येक आवर्तनास अडीच नमुनेही पडत नाहींत. पांच मेगाहर्ट्झपर्यंत ती चांगली समजावी. मध्यम लहरीस तेवढें विपुल आहे. मात्र तिची पट्टी स्थूल आहे. दाबाचे २५६ च टप्पे ती ओळखते, आणि स्वतः लहर निर्माण करीत नाहीं. शिकण्यासाठीं दिल्लीची, दुरुस्तीसाठीं ही, असा आमचा कौल आहे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यांपैकीं कोणतीही डबी भिंतींतील विजेस प्रत्यक्ष जोडूं नये. २३० व्होल्ट हा सरासरीचा एक प्रकार आहे. लहरीचें शिखर ३२५ व्होल्टांपर्यंत जातें. डबीची भूमि-तार यूएसबीमधून थेट संगणकाच्या धातूशीं जोडलेली असते. ती विजेच्या जिवंत तारेस लागली तर संगणक जळेल, किंवा हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. लॅपटॉपचा चार्जर काढला म्हणजे भय टळलें, असें मुलें म्हणतात; तें खोटें आहे, कारण मग सबंध लॅपटॉपच जिवंत तारेच्या दाबावर जातो. घरच्या विजेची लहर पाहण्याची हौस असेल तर ६ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर मध्यें घ्यावा. त्याचें शिखर साडेआठ व्होल्ट होतें, तें डबीस सोसतें. १२ व्होल्टांचा मात्र घेऊं नये. त्याचें शिखर १७ व्होल्ट, आणि भार नसतांना त्याहूनही अधिक. म्हणजे १६ ची मर्यादा ओलांडलीच.

आमच्या घरीं दिल्लीचीच डबी घेतली. ती कपाटांत वडिलांच्या ताब्यांत असते आणि ट्रान्सफॉर्मरचे प्रयोग कोणीतरी मोठें माणूस शेजारीं असल्यावांचून होत नाहींत. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडण्याचा नातीचा हट्ट तूर्त नाकारला आहे, कारण त्याच्या पोटांत दोनशेंहून अधिक व्होल्ट खेळत असतात. ट्रान्झिस्टरचा एक बिघडलेला संच तिला दिला आहे. त्याचा ध्वनिवर्धकाकडील भाग या डबीवर तपासून होईल. लहर पकडण्याच्या भागासाठीं ओळखीच्या कोणा छांदिष्टाची वेगवान डबी एखाद्या रविवारीं मागून आणावी, असें ठरलें आहे.