नाव ओळीत नाही, तरी नातं आहे

तळवड्याच्या आयटी पार्कातून इंद्रायणी ओलांडली की चाकणचे वाहन-कारखाने लागतात. आजच्या गाडीत इंजिनापासून ब्रेकपर्यंत सॉफ्टवेअर असतं, बरंचसं सी भाषेतलं. त्यातली व्हेरिएबल्स एकमेकांत कशी गुंतलेली असतात, याबद्दल काही समज घट्ट बसलेत.

सर्वांत घातक समज असा : दोन व्हेरिएबल्स एका ओळीत येत नाहीत, म्हणजे त्यांचा संबंध नाही. समजा, कोड म्हणतो, ‘दार’ उघडं असेल तर ‘वेगमर्यादा’ 20, नाहीतर 80. ‘दार’ची किंमत ‘वेगमर्यादा’त कुठेच उतरवलेली नाही, तरी दार उघडलं की मर्यादा बदलते. पॉइंटरचं, म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं, प्रकरण याहून अवघड. भलत्याच फाइलमधल्या पॉइंटरकडे ‘वेगमर्यादा’चा पत्ता असेल, तर त्याच्यातून लिहिलेलं शून्य थेट तिथे जाऊन बसतं. एडिटरमध्ये ‘वेगमर्यादा’ शोधून ती ओळ कधीच सापडणार नाही.

म्हणूनच प्रोग्रॅम अ‍ॅनालिसिस, म्हणजे साधनांनी केलेलं कोडचं विश्लेषण, नावाचा नव्हे, वाटेचा माग काढतं : किंमत कुठून आली, कोणत्या अटीतून गेली, पॉइंटर कुठेकुठे रोखलेला असू शकतो. मार्क वायझर यांनी 1981 मध्ये मांडलेलं स्लायसिंग, हव्या त्या व्हेरिएबलवर परिणाम करू शकणाऱ्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढतं. हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. पुण्यातल्या टाटा संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, असं विश्लेषण करणारी साधनं घडली. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर यांनी अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेलं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचं पुस्तक 2009 मध्ये आलं.

दुसरा समज : ‘टेस्टिंग झालंय की!’ पण फक्त दोन 32 बिटी इनपुट घ्या. सेकंदाला एक कोटी चाचण्या केल्या, तरी सगळ्या जोड्या तपासायला 58 हजार वर्षं लागतील.

‘विश्लेषणाचं टूल खोटे इशारे देतं’ हे मात्र अर्धं खरं आहे. प्रोग्रॅम कसा वागेल याबद्दलच्या प्रश्नाचं, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी नेहमीच अचूक उत्तर देणारं साधन शक्य नाही, हे गणितज्ञ राइस यांनी 1953 मध्ये सिद्ध केलं. म्हणून भरवशाचं साधन शंका असेल तिथे ‘असू शकतं’ म्हणतं. असे इशारे न वाचता बंद करणं मला बेजबाबदारपणाच वाटतो.

आणि ‘जुना कोड चालतोय, हात लावू नका’? एरियान-4 रॉकेटवर नीट चाललेला कोड एरियान-5 मध्ये तसाच ठेवला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त; 64 बिटी संख्या 16 बिटांत मावली नाही. 4 जून 1996 ला ते उडाल्यावर 40 सेकंदांच्या आसपास फुटलं. उड्डाणानंतर त्या गणिताची गरजही नव्हती.