अशोकाची साल आणि भेषजसंहिता

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथे चिकित्सा करणारे आमचे एक व्यवसायबंधू मागील वर्षी भेटीस आले, ते सालीची एक पिशवी बरोबर घेऊनच. रक्तप्रदराच्या एका रुग्णेस त्यांनी अशोकाचा क्षीरपाक दिला होता. दोन मासिक चक्रे उलटली तरी स्राव उणा झाला नाही. त्यांनी प्रथम निदान तपासले, नंतर पथ्य, नंतर स्वतःची मात्रा. सालीकडे लक्ष गेले ते सर्वांत शेवटी, आणि याचाच त्यांना अधिक खेद वाटत होता.

पिशवी शहरातील एका घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली होती आणि बिलावर केवळ ‘अशोक साल’ एवढेच लिहिलेले होते. आम्ही भेषजसंहितेतील वर्णन समोर ठेवून तुकडे पाहिले. अशोकाची साल पन्हळीसारखी वळलेली असते. बाहेरून गडद हिरवट ते हिरवट करडी, वर्तुळाकार श्वसनरंध्रांच्या खुणा असलेली. आतून तांबूस तपकिरी. आणि मोडल्यावर त्वचेच्या वरच्या थराखाली एक पातळ, पांढुरकी, अखंड रेषा दिसते. आमच्या हातातील तुकड्यांत ती रेषा नव्हती. रुची कषाय नव्हती, म्हणजे जिभेला ती जाणवतच नव्हती. शाळा-कचेऱ्यांच्या आवारात सरळसोट वाढणारा जो वृक्ष आपण सारे ‘अशोक’ म्हणूनच ओळखतो, त्या पॉलिअल्थिया लाँगिफोलियाची ही साल असावी, असा आमचा तर्क झाला. खरा सीता अशोक, सराका असोका, हा पश्चिम घाटाच्या ओलसर वनांतील वृक्ष. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तो बागेत लावला तरच. सालीसाठी झालेल्या तोडीमुळे तो आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो. मागणी मोठी आणि वृक्ष थोडे, मग पिशवीत काय येणार हे सांगावयास नको.

या प्रसंगाच्या निमित्ताने भेषजसंहिता म्हणजे नेमके काय आणि ती कोण करते, हे पुन्हा एकदा मांडावेसे वाटते. कारण आपल्यातील पुष्कळांना हे ग्रंथ परवान्याच्या फाइलीपुरतेच ठाऊक आहेत.

केंद्र शासनाने आयुर्वेदीय भेषजसंहिता समिती प्रथम १९६२ मध्ये नेमली. कर्नल सर रामनाथ चोप्रा तिचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये पुनर्रचित समितीची धुरा प्रा. अ. ना. नामजोशी यांच्याकडे आली. १९७० मध्ये गाझियाबाद येथे भारतीय चिकित्सा भेषजसंहिता प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७८ मध्ये योगसंग्रहाचा पहिला भाग आला, त्यात ४४४ योग होते. एकल द्रव्यांच्या पहिल्या खंडात ८० द्रव्ये आली. अशोक, हरिद्रा, गुडूची ही त्यांतलीच. पुढे खंड वाढत गेले, खनिजे आली, सिद्ध योगांचेही खंड निघाले. २०१० मध्ये स्वतंत्र आयोग झाला, २०१४ मध्ये त्यात होमिओपॅथीचा समावेश झाला आणि २०२० मध्ये आयोग व गाझियाबादच्या दोन्ही प्रयोगशाळा एकत्र करून आयुष मंत्रालयाच्या अधीन एकच कार्यालय करण्यात आले. भारतीय मानक ब्युरोनेही अलीकडे आयुषसाठी वेगळा विभाग उघडला आहे. परंतु औषधाचे कायदेशीर प्रमाण भेषजसंहिताच ठरवते.

आता प्रमाण म्हणजे काय ते हळदीवरून पाहू. ताडकळसच्या परिसरात आणि शेजारच्या वसमतकडे हळद घरोघरी दिसते, म्हणून हे उदाहरण. भेषजसंहितेनुसार हरिद्रेत बाह्य द्रव्य २ टक्क्यांहून अधिक नसावे, एकूण राख ९ टक्क्यांहून अधिक नसावी, आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्याहून अधिक नसावी. मद्यार्कात विरघळणारा अंश किमान ८ टक्के, पाण्यात विरघळणारा किमान १२ टक्के आणि उडनशील तेल किमान ४ टक्के असावे. हे आकडे कोरडे वाटतात, पण प्रत्येकामागे एक लबाडी किंवा एक हलगर्जी उभी आहे. आम्लात न विरघळणारी राख वाढली तर माल मातीत वाळवला, किंवा वजनासाठी वाळू मिसळली. तेल घटले तर कंद जुने, किंवा चूर्ण उघड्यावर पडून राहिलेले. डोळ्यांना दोन्ही चूर्णे सारखीच पिवळी दिसतात.

ओळखीचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२१ मध्ये मुंबईतील सहा रुग्णांमध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसण्यात जवळची वेल गुळवेल समजून घेतली गेली असणे शक्य आहे. २०२२ मध्ये अनेक रुग्णालयांचा आणखी मोठा अभ्यास आला आणि वाद मिटला नाही. आम्ही येथे निवाडा देत नाही. परंतु रुग्णाने काय घेतले हे कागदावर दाखवता आले असते, तर चर्चा चिकित्सेची झाली असती. ओळखीच्या पायरीवरच ती अडली नसती. भेषजसंहिता गुडूचीला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणते आणि पक्व कांड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात, संकलित करण्यास सांगते. ताडकळसच्या निंबावर चढलेली वेल मे महिन्यात ज्याने पाहिली आहे, त्याला या सूचनेचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. चरकाचार्यांनीही वनस्पतींच्या नाम-रूपाची ओळख गुराखी व मेंढपाळ यांना असते असे म्हटले आहेच.

भेषजसंहितेकडून अवाजवी अपेक्षा मात्र करू नये. आयोग मानक लिहितो, संदर्भ नमुने सांभाळतो आणि वादग्रस्त नमुन्यांवर अपिलीय प्रयोगशाळा म्हणून मत देतो. बाजारातून नमुना उचलणे आणि खटला भरणे हे राज्याच्या यंत्रणेचे काम. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये उत्पादकास परवाना हवा, आणि २००० मध्ये आलेल्या अनुसूची टी प्रमाणे जागा, यंत्रे व नोंदी हव्यात. त्याच कायद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट आपल्या परंपरेचा मान आहे असे आम्ही मानतो. पण तिचा दुसरा अर्थ असा, की वैद्याच्या खलापर्यंत पोहोचलेल्या सालीची तपासणी वैद्याखेरीज कोणीही करणार नाही. फार्मसीचालकांच्या बाबतीत ते प्रयोगशाळेच्या अहवालावर तरी येते.

आकड्यांनाही मर्यादा आहेत. सर्व कसोट्यांत उतरलेले द्रव्य चांगल्या भूमीत वाढले होते का, योग्य काळी उपटले होते का, हे राख सांगू शकत नाही. रास्ना म्हणजे कोणती वनस्पती यावर आजही प्रदेशागणिक मते वेगळी आहेत: भेषजसंहितेने प्लुचिया लॅन्सिओलाटा स्वीकारली, दक्षिणेत कुलिंजन वापरतात, बंगालात वांदा. एका समितीने एक नाव लिहिल्याने दुसऱ्या प्रांतातील पिढ्यांचा अनुभव खोटा ठरत नाही; मात्र बिलावर कोणते लिहावे हे निश्चित होते, आणि व्यवहारात तेवढेही पुष्कळ असते. हे खंड इंग्रजीत असल्याने तालुक्याच्या ठिकाणी ते उघडले जात नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे. निदान नेहमीच्या पन्नास द्रव्यांची स्थूल लक्षणे मराठीत, चित्रांसह, प्रत्येक चिकित्सालयात हवीत.

ताडकळसच्या आमच्या मित्रांनी ती पिशवी परत पाठवली. नव्या मागणीपत्रावर त्यांनी वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग आणि ‘मोडल्यावर पांढुरकी रेषा दिसली तरच स्वीकारू’ असे लिहिले. व्यापाऱ्याने दर जवळजवळ दुप्पट सांगितला आणि माल यावयास पाच आठवडे लागले. रुग्णेस तोवर त्यांनी लोध्र दिला होता.