उपचार नाही, म्हणून निदानही नाही?

जबलपूरच्या ओमती भागात जिल्हा रुग्णालय आहे. अधिकृत नाव सेठ गोविंददास रुग्णालय. शहर मात्र त्याला अजूनही ‘व्हिक्टोरिया’च म्हणते. समजा, तेथे आणलेल्या एखाद्या मुलाला वारंवार झटके येत आहेत आणि मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे साठे व द्रवाने भरलेल्या गाठी दिसत आहेत. भारतातील कोणत्याही डॉक्टरच्या मनात प्रथम दोन शक्यता येतील: पट्टकृमीच्या अळ्यांचा संसर्ग किंवा क्षयाची गाठ. आपल्याकडे हे आजार नित्याचे असल्याने तो तर्क रास्तच आहे. पण क्वचित तो चुकतो. त्या चुकीची भरपाई करणारी व्यवस्था आपण उभारली आहे का, हा माझा प्रश्न आहे.

1996 मध्ये फ्रान्समधील डॉ. फिलिप लाब्रून व सहकाऱ्यांनी तीन मुलांमधील एका आजाराचे वर्णन केले. मेंदूतील श्वेतद्रव्याची हानी, कॅल्शियमचे साठे आणि वाढत जाणाऱ्या गाठी ही त्याची तीन लक्षणे. तो तान्ह्या वयात सुरू होऊ शकतो, तसाच पन्नाशीनंतरही. झटके येतात, चाल बिघडते, स्नायू ताठरतात. त्याचे कारण सापडायला वीस वर्षे लागली. 2016 मध्ये 33 कुटुंबांतील 40 रुग्णांच्या अभ्यासातून ‘एसएनओआरडी 118’ या जनुकातील दोष उघड झाला. आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

येथेच एक तांत्रिक अडचण धोरणाचा प्रश्न बनते. हे जनुक प्रथिन तयार करत नाही. पेशीतील रायबोसोमच्या जडणघडणीत उपयोगी पडणारा आरएनएचा एक छोटा रेणू तयार करते. ‘एक्झोम’ चाचणीचा भर मात्र प्रथिने घडवणाऱ्या जनुकांवर असतो. त्यामुळे कुटुंबाने पदरमोड करून ही चाचणी केली, तरी दोष निसटू शकतो. मुद्दाम शोधले, तरच तो सापडतो.

केंद्राने मार्च 2021 मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणले, ही निश्चितच स्वागतार्ह घटना होती. मे 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाख रुपयांपर्यंत वाढली. पण धोरणातील तिन्ही गट उपचारांवर बेतलेले आहेत: एकदाच करायचा उपचार, आयुष्यभराचा तुलनेने स्वस्त उपचार आणि अतिशय महागडा उपचार. श्वेतद्रव्याचाच एक आजार असलेल्या अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीला, सुरुवातीच्या टप्प्यात प्रत्यारोपण शक्य असल्याने, पहिल्या गटात जागा मिळाली. लाब्रूनच्या आजारावर सिद्ध औषध नाही. म्हणून तो कोणत्याच गटात बसत नाही. अंतराचा प्रश्न वेगळाच. धोरण जाहीर झाले तेव्हा नेमलेल्या आठ उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम होते, मध्य प्रदेशातील एकही संस्था नव्हती. पुढे केंद्रांची संख्या वाढली; तरी जिल्हा रुग्णालयापासून तेथवरची वाट कुटुंबालाच शोधावी लागते.

औषधच नाही, तर निदानावर खर्च कशासाठी, असे विचारले जाते. हा युक्तिवाद मला मान्य नाही. योग्य निदानामुळे कृमींची वा क्षयाची अनावश्यक औषधे थांबतात. गाठींवर शस्त्रक्रिया केव्हा करावी, याचा निर्णय अधिक जाणतेपणाने घेता येतो. पुढच्या गर्भारपणात आईवडिलांना तपासणीचा पर्याय मिळतो. आणि आपल्या हातून काही चुकले का, या प्रश्नाने पोखरलेल्या घराला उत्तर मिळते.

2019 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने ‘उम्मीद’ उपक्रमातून आनुवंशिक आजारांसाठी निदान केंद्रे सुरू केली. हा पाया हाताशी आहे. त्यावर तीन गोष्टी उभारता येतील: निदानाच्या खर्चाला उपचारांपासून स्वतंत्र हक्काची मदत; जिल्हा रुग्णालयातील स्कॅन थेट तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था; आणि औषध असो वा नसो, प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद. ज्यांची नोंदच होत नाही, त्यांच्यासाठी उद्या औषध निघाले, तरी ते द्यायचे कोणाला?